बाईंचं बर्फाखालचं पाणी

दुपारी एक वाजला की दूध शीतकरण केंद्रातली सगळी माणसं लिंबाच्या सावलीला डबे सोडायची आणि बाई आपला डबा घेऊन आत, बर्फाच्या टाकीजवळ जाऊन बसायच्या. तिथे अमोनियाचा उग्र वास असायचा, फरशी कायम ओली आणि कॉम्प्रेसरची घरघर अशी की शेजारी बसलेल्या माणसाशीही मोठ्यानं बोलावं लागे. बाई तिथे स्टुलावर बसून भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि डावा हात टाकीच्या पत्र्यावर ठेवायच्या, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. कधीकधी कानही लावायच्या.

मी तिथे प्रयोगशाळेत बाईंच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले तेव्हा बीएस्सीचा निकाल लागून महिनाही झाला नव्हता. पहिल्याच दिवशी मशीनचा ऑपरेटर मला म्हणाला, "बाई बर्फाशी बोलतात. तुमी घाबरू नका. दुधाच्या बाबतीत लई हुशार हायत."

आमचं केंद्र बीडहून गेवराईला जाणाऱ्या रस्त्याला होतं. सहकारी दूध संघाचं. शंभरेक गावांच्या सोसायट्यांचं दूध आमच्याकडे यायचं, गार व्हायचं आणि टँकरनं पुढे जायचं. दुष्काळात शेती बसते, ऊसतोडीला गेलेली घरं कुलूप लावून असतात, पण एखादी म्हैस कशीतरी जगवलेली असते आणि तिच्या दोन लिटरवर घर चालतं. त्यामुळे दुष्काळ जितका वाढे तितके आमच्या दारात कॅन वाजत. आणि खरं सांगायचं तर दुधात पाणीही वाढे.

त्या पाण्यावरूनच बाई सगळ्या तालुक्यात ठाऊक झाल्या होत्या. लॅक्टोमीटर सगळेच लावतात. पाणी आहे की नाही एवढं त्यावरून कळतं. बाईंचं तेवढ्यानं भागत नसे. त्या ते दूध आम्ल घालून फाडायच्या, निवळी गाळून घ्यायच्या आणि तिची नायट्रेटची तपासणी करायच्या. नायट्रेट निघालं तर पाणी उथळ विहिरीचं, कारण शेणखताचा, शेताचा अंश वरच्याच पाण्यात उतरतो. नाही निघालं तर खोल बोअरचं. मग बाहेर येऊन त्या कॅनवाल्याला सांगायच्या, "दादा, पाणी घातलंय ते ठीक आहे, तुमचं तुम्ही बघा. पण घरी प्यायला हेच वापरता का?" माणूस आधी चोरी सापडली म्हणून खाली बघायचा, मग बाई भलतंच काही विचारतायत हे लक्षात येऊन वर बघायचा.

"पाणी कुठून आलं हे विचारू नका," त्या मला म्हणायच्या, "दगडाजवळ किती दिवस राहिलं ते विचारा."

बाई मूळच्या शिरूर कासारच्या बाजूच्या. वडील मेंढपाळ. चाऱ्याच्या मागे गोदावरीच्या काठापर्यंत कळप नेणारे. त्या घरातली ही मुलगी भूगर्भशास्त्र शिकायला औरंगाबादेला गेली आणि तिथून एका संशोधकांच्या तुकडीबरोबर थेट हिमालयात, एका हिमनदीच्या तोंडाशी. तीन उन्हाळे. काम एकच, दर तासाला वाकून बर्फाखालून निघणाऱ्या ओढ्यातलं पाणी बाटलीत घ्यायचं, सिरिंजनं बारीक गाळणीतून काढायचं, वेळ लिहायची. हे मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, टाकीजवळच्या जेवणांमध्ये. मीसुद्धा हळूहळू लिंबाखालून उठून आत जाऊन बसायला लागले होते. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असायचं. आत बाई सांगत असायच्या.

"वरून बर्फ दिसतो तो मुका. खालून ऐकलं पाहिजे. खाली अंधारात पाणी चालत असतं. बर्फाच्या पोटात दगड अडकलेले असतात आणि बर्फ सरकतो, रोज थोडा. खालचा डोंगर दळला जातो. अगदी पिठासारखा."

"मग?"

"खडीसाखर पाण्यात टाकली तर विरघळायला वेळ लागतो. पिठीसाखर टाकली तर?"

"लगेच."

"तसंच. पीठ झालेला दगड पाण्याला हाताशी सापडतो. थंड असलं तरी पाणी त्याला चाखत राहतं. आपल्याला वाटतं बर्फाखाली सगळं झोपलेलं आहे. तिथे तर डोंगर विरघळत असतो."

कॉम्प्रेसर बंद पडला की एकदम शांत व्हायचं आणि टाकीतल्या पाण्याची हालचाल ऐकू यायची. मला अर्धवट झोप लागलेली असायची. त्या झोपेत कित्येकदा मला वाटलं आहे की आमच्या ओल्या फरशीखाली एक नदी आहे, पांढरी, गढूळ, आणि ती बीडच्या सगळ्या तापलेल्या माळाखालून कुठेतरी चालली आहे. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "माझ्या वडिलांनाही असंच वाटायचं," म्हणाल्या. "ते जमिनीला कान लावून कळप बसवायचे."

त्यांना एक कोडं कायम छळायचं. ऊन वाढतंय, बर्फ लवकर वितळतोय, तर त्या डोंगराच्या विरघळण्याचं काय होणार? एका जातीचा दगड विरघळताना हवेतला वायू, तोच जगाला तापवणारा, धरून ठेवतो. पण तिथल्या दगडात पितळेसारखे चमकणारे कणही असतात, गंधकाचे. ते उघडे पडले की त्यांचं आम्ल होतं, ते चुनखडीला खातं आणि तोच वायू उलटा बाहेर पडतो. "एक दगड गिळतो, दुसरा सोडतो. जास्त कोण, ते मला अजून नीट कळलेलं नाही," असं म्हणून त्या भाकरी हातात तशीच धरून बसायच्या. घंटा व्हायची, कॅन वाजायला लागायचे, ऑपरेटर आत येऊन म्हणायचा, "बाई, टँकर आला." तेव्हा कुठे उठायच्या.

परत का आलात, असं मी एकदा विचारलं. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. उंचीवरच्या हवेनं होतं तसं. दोन हमालांनी पाठीवर घालून खाली आणलं. डॉक्टरनी सांगितलं, पुन्हा वर गेलात तर परत येणार नाही. ते त्यांनी फार सहज सांगितलं. पण पुढचं सांगताना हातातली भाकरी डब्यात परत ठेवली. "पहिल्या वर्षी मी जिथे वाकून पाणी घ्यायचे ना, ती जागा तिसऱ्या वर्षी कोरडी होती. बर्फाचं तोंड वर सरकलं होतं. मी त्या दगडांवर बसले. मला वाटलं, मी शिरूरलाच बसलेय."

आता अण्णांचं सांगते, कारण बाई म्हटलं की मला अण्णा आठवतातच.

अण्णा एका गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. पांढरं धोतर, हातात घड्याळ, दुधाची गाडी मिनिटभर थांबलेली त्यांना खपायची नाही. आधीच्या दुष्काळात त्यांनी स्वतःच्या रानात फार खोल बोअर पाडलं होतं आणि पाणी लागल्यावर घरासमोर तोट्या बसवून सगळ्या गावाला खुलं केलं होतं. जात बघितली नाही, पक्ष बघितला नाही. आठ-नऊ वर्षं गाव त्या पाण्यावर होतं. गोड पाणी. डाळ चटकन शिजायची, चहाला रंग यायचा, साबणाला फेस यायचा. पाहुणे बाटल्या भरून न्यायचे.

त्या गावच्या एका कॅनमध्ये बाईंना पाणी सापडलं. निवळीत नायट्रेट नव्हतं. म्हणजे खोल बोअर. त्यांनी गाडीवाल्याकरवी त्या बोअरच्या पाण्याची बाटली मागवली, तपासली, पुन्हा तपासली आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. फ्लोराइड. मर्यादेच्या कितीतरी वर.

आम्ही दोघी दुधाच्या रिकाम्या गाडीतून त्या गावाला गेलो. निघताना बाईंनी ऑपरेटरकडून बर्फाचा एक ठोकळा घेतला, गोणपाटात गुंडाळलेला. तो त्यांनी दोन दिवस आधीच पत्र्याच्या डब्यात वाळू आणि खडे घालून गोठवायला ठेवला होता. ऑपरेटर कुरकुरला होता, पण त्यानं तो जपला होता.

अण्णा तेव्हा सोसायटीच्या ओट्यावर होते. आम्हाला पाणी आलं, तांब्याभांड्यात, त्याच बोअरचं. बाईंनी घेतलं नाही. अण्णांना ते लागलं. आमच्याकडे दारात आलेल्या माणसानं पाणी नाकारणं ही साधी गोष्ट नाही.

"पाण्यात काय हाय का?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, तुमची नात कुठे आहे?"

आठ वर्षांची पोरगी दाराआडून बघत होती. बाईंनी तिला जवळ घेतलं, नाव विचारलं, शाळेचं विचारलं. पोरगी उत्तरं देत होती, पण हसू आलं की तोंडावर हात धरायची. बाईंनी हलकेच तो हात बाजूला केला. नुकत्याच आलेल्या पुढच्या दातांवर तपकिरी आडवे पट्टे होते.

"घासत न्हाई नीट," अण्णांची सून म्हणाली. "रोज वरडते मी."

"मी सोता कोळशानं घासून देतो तिला," अण्णा म्हणाले. "रडंस्तोवर."

"घासून जाणार नाही," बाई म्हणाल्या. "दात आतून तसे आलेत. पाण्यानं."

तोवर माणसं जमली होती. पाण्यातलं फ्लोराइड आधी दात आणि मग हाडं बिघडवतं, हे बाईंनी सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि एकजण म्हणाला, "एक तर पानी न्हाई. हाय ते बी पिऊ नका म्हनता. कावून? इतकं गोड पानी हाय."

बाई भांडल्या नाहीत. त्यांनी गोणपाट सोडलं. भर उन्हात तो बर्फ बघून पोरं धावत आली. बाई ओट्याच्या काळ्या पायरीवर बसल्या आणि ठोकळा दोन्ही हातांनी दगडावर घासायला लागल्या, पाटा-वरवंट्यासारखा. खसखस आवाज येत होता. पायरीवरून पांढरट पाणी ओघळायला लागलं. तेवढ्यात पोरांनी बर्फाचे तुकडे पळवले आणि वाळूसकट चोखायला लागली. कुणी रागावलं नाही.

"मी जिथे होते तिथे हे असं होतं," बाई म्हणाल्या. घासताना त्यांना दम लागत होता. "तिथे बर्फ दगड दळतो, म्हणून दगड पाण्यात येतो. इथे कुणी दळत नाही. पण हे बोअरचं पाणी फार खोल आहे, फार वर्षं दगडाजवळ बसून आहे. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःतला चुना टाकून दिला, म्हणून तुम्हाला गोड लागतं. आणि जे घ्यायला नको होतं ते घेतलं. त्यात पाण्याचा दोष नाही. अण्णांचा तर नाहीच."

एका म्हातारीनं विचारलं, "मंग कंचं पानी प्यावं, ते सांग बाई."

"जड पाणी. इथे एक मेंढक्यांची विहीर होती. माझे वडील तिथे कळप बसवायचे."

"त्या पान्यात डाळ शिजत न्हाई," दोघीतिघी एकदमच म्हणाल्या.

"शिजत नाही म्हणूनच ते पाहिजे. त्यात चुना आहे. चुना फ्लोराइडला टिकू देत नाही."

अण्णा उठले, तोट्यांपाशी गेले, एक तोटी गळत होती ती घट्ट बंद केली आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. आम्ही निघालो तरी वळले नाहीत.

विहीर गाळानं भरलेली होती, बाभळी उगवलेल्या. गावानं आठ दिवसांत उपसली. गाडीवाला येऊन सांगायचा. पहिल्या दिवशी आत उतरले ते अण्णा, दोराला धरून, धोतर खोचून. तळाशी झरा होता, बारीक. बाईंनी तेही पाणी तपासलं आणि हो म्हणाल्या. घरटी दोन घागरी, फक्त पिण्यापुरत्या. बोअरचं पाणी धुण्याला. तोट्यांवर अण्णांनी स्वतः डांबरानं लिहिलं, पिऊ नये.

पण बाईंना गावानं माफ केलं नाही. डाळीला सोडा घालावा लागला, चहा बेचव झाला, दोन घागरींसाठी रांगा लागल्या. गाडीवाल्याबरोबर निरोप यायचे, बाईला म्हणावं, येऊन डाळ शिजवून दाव. अण्णा केंद्रावर यायचे, दूध उतरवायचे, पावती घ्यायचे. प्रयोगशाळेच्या पायरीवर मात्र चढायचे नाहीत. दीड वर्षं. बाई खिडकीतून बघायच्या. "स्वतःच्या हातानं पाजलंय त्यांनी नातीला," एकदा म्हणाल्या. "मला बघितलं की त्यांना ते आठवतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही चढले नसते."

मग एका मे महिन्यात अण्णा चढले. चप्पल बाहेर काढून आत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "गावाची बस चाललीया धामाला. चाळीस मान्सं. तुमी व्हता ती नदी तिकडंच कुटं हाय म्हनं."

बाईंच्या हातातली नळी तशीच राहिली. बाईंच्या हिमनदीतून निघणारी ती नदी हिमालयातल्या त्या धामाच्या गावातूनच खाली येत होती. तिथल्या पुलाखाली बाईंची नमुने घ्यायची दुसरी जागा होती.

"आणायचं का काय तिथलं?" अण्णा म्हणाले.

बाईंनी त्यांना दोन बाटल्या दिल्या, सिरिंज दिली, गाळण्याच्या चकत्या दिल्या. गुरांना सुया देणारा माणूस, सिरिंज काही शिकवावी लागली नाही. पाण्यातला गाळ आधी गाळून काढायचा, नाहीतर पाणी वाटेत त्याला चाखत राहील, हे मात्र दोनदा सांगितलं. एक बाटली सकाळी सहाला. एक दुपारी चारला. आणि पुलाच्या खांबाचे दगडांचे किती थर पाण्यात आहेत ते मोजायचं.

पुढची हकिकत आम्हाला बसमधल्या लोकांकडून कळली. बस त्या गावाहून दुपारी बाराला सुटणार होती. अण्णांनी ती चार वाजेपर्यंत सुटू दिली नाही. ड्रायव्हर चिडला, बायका चिडल्या, पुढच्या मुक्कामाची जागा जाईल म्हणून पुढारी चिडले. ज्या माणसानं आयुष्यात दुधाची गाडी थांबू दिली नव्हती तो पुलाखाली दगडावर बसून मनगटावरचं घड्याळ बघत होता. "दुपारचं घेतल्याबिगर मी येत न्हाई. तुमी व्हा म्होरं," असं म्हणाला. त्याला सोडून कोण जाणार? चाळीस माणसं पुलावर ओळीनं उभी राहून खाली बघत राहिली.

परत आल्यावर अण्णांनी बाटल्या धोतराच्या सोग्यातून काढून टेबलावर ठेवल्या. चिठ्ठ्यांवर वेळ, स्वतःच्या मोठ्या अक्षरात.

बाईंनी विरघळलेले क्षार मोजणारा मीटर लावला. मी आकडे लिहीत होते. सकाळचं पाणी दाट निघालं, दुपारचं पातळ.

"अगदी बरोबर आणलंत," बाई म्हणाल्या. "सकाळी थोडं पाणी असतं, ते खाली दगडाजवळ जास्त वेळ राहून येतं. दुपारी उन्हानं वितळलेलं भसकन येतं. थर किती होते?"

"सकाळी तीन. दुपारी पाच."

बाईंनी कपाटातून हिमालयातली जुनी वही काढली. मी ती तोवर पाहिली नव्हती. पानं वेडीवाकडी झाली होती, कडा पाणी लागून फुगल्या होत्या. त्याच आठवड्यातलं पान काढलं. सकाळी दोन. दुपारी तीन. बाईंनी त्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"एका पेल्यात दगड पूर्वीपेक्षा थोडा कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण पेले किती वाढले बघा. सगळी नदी मिळून जास्त डोंगर घेऊन चाललीय."

"पानी वाढलं म्हंजी चांगलंच की," अण्णा म्हणाले.

बाईंनी दुपारची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. कॅन उतरवल्याचा आवाज येत होता. अण्णांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"न्हाई," थोड्या वेळानं ते स्वतःच म्हणाले. "माज्या बोअरला पैल्या दिशी पानी झाडाच्या शेंड्याएवढं उडालं व्हतं. आमी गुलाल उधळला. आता मोटार अर्धा तास धड चालत न्हाई." बाटली परत ठेवली. "तिकडं खालच्या गावास्नी कुनी सांगितलंय का हे?"

"काहींनी सांगितलंय. ऐकायला जड जातं, अण्णा."

"जातं," अण्णा म्हणाले.

बाईंनी वही पुढे ओढली. शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं, नमुना घेणारा. वरपासून खालपर्यंत सगळीकडे त्यांचीच सही होती. त्यांनी अण्णांना पूर्ण नाव विचारलं. अण्णांनी वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट सांगितलं, सावकाश, कोर्टात सांगावं तसं, आणि बाईंनी ते लिहिलं. मग अण्णा तिथेच बसून बाईंच्या हातचा चहा प्यायले. आमच्या केंद्रालाही जडच पाणी होतं. त्यांनी काही तक्रार केली नाही.

बाई त्यानंतर वर्षभरात निवृत्त होऊन शिरूरला भावाकडे गेल्या. टाकीजवळचं स्टूल ऑपरेटरनं हलवलं नाही, आणि मी अजून दुपारची तिथेच बसते. पुढच्या मे महिन्यात त्याच गावच्या दोन बायका प्रयोगशाळेत आल्या. एकीच्या कडेवर पोर होतं. त्या धामाला निघाल्या होत्या.

"अण्णानं बाटल्या मागितल्यात. त्यांचे गुडघे गेले, आता आमी जातो. पाक सगळं सांगितलंय त्यांनी."

मी बाटल्या धुऊन दिल्या. गाळणी कशी लावायची ते दाखवायला लागले तर एक म्हणाली, "येतंय आमाला."

तीन आठवड्यांनी बाटल्या आल्या. दुपारच्या बाटलीवरच्या चिठ्ठीत वेळ होती, आणि खाली कुणा शाळकरी मुलीकडून लिहवून घेतलेलं दिसत होतं: पाच थर बुडाले. सहावा ओला आहे.

मी रजेचा अर्ज टाकला, दोन्ही बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि शिरूरची एसटी धरली.